स्नायूंची जमाबाकी

सकाळी दुकानाच्या गादीवर घातलेली मांडी दुपारपर्यंत न मोडणारे व्यापारी आजही जुन्या पेठांत दिसतात. या बैठकीची नोंद शरीरशास्त्रानेही घेतली आहे. कमरेच्या हाडापासून गुडघ्याच्या आतील बाजूपर्यंत तिरका उतरणारा मांडीवरील स्नायू हा मानवी देहातील सर्वांत लांब स्नायू होय. ‘सार्टोरियस’ हे त्याचे नाव ‘शिंपी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले. शिंपी मांडी घालून शिवणकाम करीत, आणि पाय तसा दुमडण्यास हा स्नायू साहाय्य करतो.

अस्थींना जोडलेले असे सहाशेहून अधिक स्नायू देहात असून शरीराच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग त्यांचा असतो. नितंबाचा स्नायू सर्वांत मोठा, तर मध्यकर्णातील इवल्याशा हाडाला सावरणारा सर्वांत लहान. स्नायूला ओढता येते, ढकलता येत नाही; म्हणून त्यांचे कार्य जोडीने चालते. दंडाचा पुढील स्नायू आखडला की कोपर वाकते आणि मागील स्नायू आखडला की हात सरळ होतो. ॲक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे तंतू एकमेकांवरून सरकल्याने हे आकुंचन घडते, असा सिद्धांत १९५४ मध्ये मांडला गेला.

हालचाल घडविणे एवढेच स्नायूंचे कार्य नाही. भोजनानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा ते शोषून घेतात; त्यामुळे मधुमेहाशी त्यांचा निकटचा संबंध आहे. पोटऱ्यांचे स्नायू पायांतील रक्त हृदयाकडे वर ढकलतात. दीर्घ आजारात किंवा दीर्घ उपवासात शरीर आपली प्रथिनांची निकड याच साठ्यातून भागविते.

हा साठा मात्र कायम राहत नाही. तिशीनंतर तो हळूहळू घटू लागतो आणि साठीनंतर घट वेग घेते. या क्षयाला आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘सार्कोपेनिया’ असे नाव सुचविले. जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागणे, जिना चढताना कठड्याचा आधार घ्यावा लागणे, ही त्याची प्रारंभीची लक्षणे असू शकतात. घरोघरी ‘वय झाले’ म्हणून त्यांकडे दुर्लक्ष होते. पुढे एखादे पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे घरच्या वडीलधाऱ्यांना कायमचे परावलंबी करते.

तथापि झालेली घट काही अंशी भरून काढता येते. बॉस्टन येथील एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या १० स्वयंसेवकांना मांडीच्या स्नायूंसाठी ८ आठवडे भारयुक्त व्यायाम देण्यात आला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यांची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले.

त्यासाठी व्यायामशाळाच हवी असे नाही. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून टाचा उचलणे, तासाभराने गादीवरून उठून चार पावले चालणे, एवढ्यावरूनही प्रारंभ करता येतो. हृदयविकार अथवा गुडघेदुखी असल्यास आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. आहारात मूग, मटकी, तूर, हरभरा, दही व पनीर रोज असावे. डाळीत जे प्रथिनघटक उणे असतात ते धान्यात मिळतात आणि धान्यातील उणीव डाळ भरून काढते. म्हणून वरण-भात किंवा आमटी-भाकरी हा मेळ शाकाहारी कुटुंबाला पुरेसे बळ देणारा आहे. मात्र वृद्धांच्या ताटातील वरणाची वाटी वयाबरोबर लहान होऊ नये, याकडे घरातील तरुणांनी लक्ष द्यावे.