मक्याचं विष, अळीची पळवाट

येवला-मालेगावकडच्या मक्याच्या पोंग्यात भुश्यासारखी विष्ठा दिसली, की लष्करी अळी आत शिरली समजावं. मूळची अमेरिकेतली ही कीड भारतात २०१८मध्ये प्रथम आढळली. मका तसा निःशस्त्र नाही. कोवळ्या पानांत ‘डिंबोआ’ हे रसायन साखरेला जोडून, निरुपद्रवी रूपात साठवलेलं असतं. पान कुरतडलं की मक्याचं विकर साखर तोडतं, विष मोकळं होतं. युरोपातली खोडकीड त्यानं खुरटते. लष्करी अळी मात्र बिलंदर! तिच्या आतड्यातलं विकर साखर पुन्हा जोडतं, तीही उलट्या बाजूनं. मग मक्याच्या विकराला ती तोडता येत नाही. डिंबोआ गव्हातही असतं. ज्वारीची भिस्त मात्र धुरिन या दुसऱ्या रसायनावर. त्यातून सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी गुरांना बाधते ती यामुळेच.