वडील माणसांवाचून हिमपर्वतावर

आल्प्स पर्वताच्या आसपासच्या देशांत हिवाळ्याची सुटी लागली, कीं सोळा-सतरा वर्षांचीं मुलें चार-पांच सोबत्यांसह परदेशच्या हिमपर्वतांवर जाण्याचे बेत करूं लागतात. पायांना ‘स्की’ नांवाच्या लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून वेगानें खालीं येण्याचा हा खेळ. बरोबर वडील माणूस कोणी नाहीं. तेव्हां आईबापांनीं संमति द्यावी काय? या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं वडील माणूस तेथें कोणतें काम करतो, हें पाहिलें पाहिजे.

वाट दाखविणें हें त्याचें काम नव्हे. तें पर्वतावरील व्यवस्थाच करते. फ्रान्समध्यें सर्वांत सोपा उतार हिरव्या खुणेचा. पुढें निळा, तांबडा आणि सर्वांत अवघड तो काळा. ऑस्ट्रियांत मात्र सोप्या उतारांची खूण निळी असते. वागणुकीचे दहा नियम आंतरराष्ट्रीय स्की महासंघानें १९६७ सालीं ठरविले. त्यांतील एक मुख्य नियम असा, कीं मागून येणाऱ्यानें पुढच्यास सांभाळावें. कारण पुढच्याला पाठीमागचें दिसत नाहीं.

खरा धोका आंखलेल्या वाटेबाहेर आहे. जुन्या बर्फांत एखादा ठिसूळ थर असतो. त्यावर नव्या हिमवर्षावाचा किंवा वाऱ्यानें वाहून आणलेल्या बर्फाचा घट्ट थर बसतो. उतार ३० ते ४५ अंशांचा असला, तर एका माणसाच्या भारानेंहि तो ठिसूळ थर मोडतो आणि वरचा सबंध पत्रा तुटून खालीं धांवतो. यालाच हिमलोट म्हणावयाचें. प्राणघातक हिमलोटांपैकीं बहुतेक, त्यांत सांपडलेल्यांनीं किंवा त्यांच्या सोबत्यांनींच सुरू केलेले असतात. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढल्यास वांचण्याची आशा पुष्कळ असते. पुढें ती झपाट्यानें घटते. तेवढ्यांत दरींतून मदत पोहोंचणें कठीण. म्हणून शोधयंत्र, लांब सळई आणि फावडें ही सामग्री व ती वापरण्याचा सराव नसेल, तर आंखलेली वाट सोडूंच नये.

युरोपांत धोक्याच्या एक ते पांच पायऱ्या रोज जाहीर होतात. तीन हा आंकडा मधला म्हणून बेताचा वाटतो. परंतु अनेक मृत्यु याच पायरीवर घडतात. १३ जानेवारी २०१६ रोजीं फ्रान्समधील ले दझाल्प येथें धोक्याची पायरी तीनच होती. एक शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांसह बंद ठेवलेल्या काळ्या उतारावर गेला. हिमलोटांत दोन विद्यार्थी आणि एक युक्रेनी प्रवासी दगावले. तेथें वडील माणूस हजर होता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

म्हणजे वडील माणसाचें खरें काम वेळेवर ‘नको’ म्हणणें हें होय. आणि तरुणांच्या घोळक्यांत तेंच सर्वांत अवघड. इतरांनीं भित्रा म्हणूं नये, म्हणून शंका आलेलाहि गप्प राहतो. यास उपाय घर सोडण्यापूर्वींच करावा. कोणीहि एकानें ‘नको’ म्हटलें, तर कारण न विचारतां सर्वांनीं परत फिरावें; सर्वांत कच्च्या सोबत्याच्या बेतानें उतार निवडावा; बंद वाटेची दोरी कोणीं ओलांडूं नये; एकट्यास मागें सोडूं नये. शिरस्त्राण व विमा असावाच. इटलींत उतारावर दुसऱ्यास होणाऱ्या इजेच्या भरपाईचा विमा २०२२ पासून सक्तीचा आहे. संकटीं ११२ हा क्रमांक फिरवावा. दूरध्वनि चालत नसेल, तर एका मिनिटांत सहा वेळां शीळ किंवा दिव्याची खूण करावी, एक मिनिट थांबावें आणि पुन्हां करावी. मिनिटांत तीन खुणा आल्या, कीं तें उत्तर समजावें.

हा करार मुलांनीं मनापासून केला असेल, तर संमति देण्यास हरकत नाहीं. तो करण्यास तीं कांकूं करीत असतील, तर आणखी एक हिवाळा थांबावें हें बरें. वडील माणूस बरोबर नसला तरी चालेल. वडीलकी मात्र कोणाजवळ तरी असली पाहिजे.