लोकर खरी की नावाची?

आमच्या पनवेलला थंडी ती कितीशी! पण महाबळेश्वरच्या सहलीला लोकरीची टोपी हवीच. मोठी, सैल विणून साबणाच्या गरम पाण्यात चोळली, की ती आटून घट्ट आणि उबदार होते. मात्र दुकानातली ‘लोकर’ पुष्कळदा अॅक्रिलिकची असते; ती अशी आटत नाही. धनगरी घोंगडीत असते तशी मेंढीची लोकर हवी. तिच्या केसांवर सूक्ष्म खवले असतात. चोळल्यावर ते एकमेकांत अडकतात.

म्हणून आधी १० सेंमीचा चौकोन विणा. आईबाबांच्या मदतीने गरम पाण्यात चोळा, वाळवा, मोजा. ८ सेंमी भरला? मग टोपी सव्वापट मोठी विणा. जसाच्या तसा राहिला? लोकर बदला, नाहीतर सगळी मेहनत फुकट!