घन आम्ल, गरम पाणी आणि उसाचं बगॅस

शेतीतल्या काडीकचऱ्यापासून रसायनं काढण्याचं तंत्र कालपरवा जन्मलं, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात फरफ्युरल हे अशा रसायनांपैकी सर्वांत परिचित द्रव्य जर्मन रसायनज्ञ डोबेरायनर यांना 1832च्या सुमारास सापडलं. 1920च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या आयोवा राज्यात क्वेकर ओट्स कंपनी ओटच्या टरफलांवर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून ते विकूही लागली. नवं आहे ते एवढंच, की द्रवरूप आम्लाऐवजी घन आम्ल वापरण्याचा प्रयत्न चालू आहे. तो व्हायलाच हवा. सल्फ्युरिक आम्ल भांडी खातं, मालातून वेगळं काढणं जिकिरीचं असतं आणि चुन्याने मारलं तर जिप्समचा ढीग उरतो.

पण घन आम्ल म्हणजे सल्फ्युरिक आम्लाची वाळवलेली पूड नव्हे. झिओलाइट हा सिलिकाचा सच्छिद्र सांगाडा असतो. त्यात सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसलं की एक ऋणभार तयार होतो आणि तो फेडायला प्रोटॉन चिकटतो. तेच त्याचं आम्लत्व. दुसरं घन आम्ल म्हणजे रेझिन. त्यात पॉलिस्टायरीनच्या साखळीला सल्फोनिक गट जोडलेले असतात. जपानच्या मिचिकाझू हारा यांच्या गटाने 2005 साली साखर अर्धवट जाळून उरलेल्या कार्बनवर असे गट बसवले होते.

इथून सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज सुरू होतो: घन आहे, म्हणजे गाळून घ्या आणि हवं तितक्या वेळा वापरा. तेलशुद्धीकरणात झिओलाइट 1960च्या दशकापासून उत्तम चालले आहेत, हा दाखला खराच. पण तिथे तेलाची वाफ असते, इथे दीडशे-दोनशे अंश सेल्सिअसचं पाणी. काही झिओलाइटांचे सांगाडे अशा पाण्यात काही तासांत कोसळतात आणि गॅमा ॲल्युमिना या आणखी एका घन आम्लाचं बोहमाइट होतं. रेझिनला तर एवढं तापमानच सोसत नाही. अँबरलिस्ट-15 या रेझिनची मर्यादा 120 अंशांच्या आसपास आहे. सल्फोनिक गट सुटून पाण्यात उतरले, तर पुढचं काम ते पाणीच करतं आणि श्रेय मात्र पावडरीला मिळतं. हे पकडायची सोपी चाचणी आहे: क्रिया अर्ध्यावर असताना मिश्रण गरम असतानाच गाळायचं आणि नुसता द्रव तापवत ठेवायचा. उत्पादन वाढतच राहिलं, तर आम्ल घन उरलेलं नाही. ही चाचणी ज्या शोधनिबंधात नसेल, त्यातल्या पुनर्वापराच्या दाव्यावर मी विसंबणार नाही.

खऱ्या बगॅसमध्ये, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चिपाडात, आणखी एक अडचण असते. त्यातल्या पोटॅशियम-कॅल्शियमचे आयन उत्प्रेरकावरच्या प्रोटॉनची जागा घेतात आणि हाकललेले प्रोटॉन पाण्यात जातात. म्हणून शुद्ध झायलोजवरचा, म्हणजे फरफ्युरल जिच्यापासून होतं त्या साखरेवरचा, आकडा बगॅसला लावता येत नाही. वर काळा, चिकट ह्युमिन साचतो. झिओलाइटवरचा ह्युमिन हवेत पाचशे अंशांच्या वर तापवून जाळता येतो. कार्बनचा उत्प्रेरक तसा तापवला तर तो स्वतःच जळेल.

सेल्युलोज झिओलाइटच्या छिद्रांत शिरून तुटतं, हे चित्रही चुकीचं आहे. झेडएसएम-5 या झिओलाइटची छिद्रं साधारण अर्ध्या नॅनोमीटरची, आणि सेल्युलोज पाण्यात न विरघळणारा, लांब साखळ्यांचा स्फटिक. घनाची घनाशी गाठच नीट पडत नाही. होक्काइदो विद्यापीठातल्या फुकुओका यांच्या गटाने सेल्युलोज आणि कार्बन उत्प्रेरक बॉल मिलमध्ये एकत्र दळले, तेव्हा कुठे ग्लुकोजचं उत्पादन चांगलं वाढलं. दळायला वीज लागते, तोही खर्च मांडावा लागतो.

आम्ल जितकं तीव्र तितका माल जास्त, हेही खरं नाही. ग्लुकोजचं फ्रुक्टोज करायला प्रोटॉन फारसा उपयोगी पडत नाही. 2010 साली अमेरिकेत मार्क डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी बीटा झिओलाइटमध्ये कथील बसवून ते पाण्यात साधलं. फरफ्युरलचं तर उलटच: आम्लात रेंगाळलं की ते साखरेशी आणि स्वतःशी जुळून वाया जातं, म्हणून झटपट वाफेबरोबर बाहेर काढावं लागतं. शिवाय झायलोजमधून पाण्याचे तीन रेणू निघून जात असल्याने 150 ग्रॅममधून फार तर 96 ग्रॅम फरफ्युरल मिळू शकतं. दाव्यातले टक्के रेणूंचे की वजनाचे, हे आधी विचारावं.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत परेश ढेपे यांच्या गटाने बगॅस, भाताचा तूस आणि गव्हाचं काड घेऊन त्यांतलं हेमिसेल्युलोज, म्हणजे झायलोज ज्यातून सुटतं तो भाग, घन आम्लांवर एकाच भांड्यात साखरा आणि फरफ्युरलपर्यंत नेलं. शुद्ध साखरेऐवजी खरं काड घेतलं, म्हणून मला हे काम मोलाचं वाटतं.

मात्र महाराष्ट्रात बगॅस फुकट पडलेलं आहे, असं कोणी समजू नये. साखर कारखान्याचा बॉयलर त्यावरच चालतो आणि सहवीजनिर्मितीची वीज विकली जाते. फरफ्युरलला गिऱ्हाईक आहे. त्यापासून होणारं फ्युरान रेझिन ओतकामाच्या साच्यांची वाळू बांधतं. पण फरफ्युरलला बॉयलरशी भांडावं लागत नाही. दक्षिण आफ्रिकेत सेझेला इथे बगॅसमधून वाफेने फरफ्युरल काढतात, तेही वेगळं आम्ल न घालता. बगॅसमधूनच सुटणारं ॲसेटिक आम्ल पुरतं. हेमिसेल्युलोज गेल्यावर उरलेलं सेल्युलोज आणि लिग्निन पुन्हा जाळता येतं. घन आम्लाला आपल्या कारखान्यात जागा हवी असेल, तर त्याची स्पर्धा सल्फ्युरिक आम्लाइतकीच या साध्या वाफेशीही आहे.