बद्द वाजली ती बाद

सकाळी 6. बरणी परवापासून फसफसतेय. आलं, साखर, लिंबू आणि चिमूटभर यीस्ट. भोरचा मे महिना, त्यामुळे तिला घाई फार. हे पेय आज बाटल्यांत भरायचं. घरी बिअर करायची तर 1949 चा दारूबंदी कायदा आडवा येतो, म्हणून मी आल्यावर भागवतो. बाटलीला मात्र दोन्ही सारखीच. यीस्ट साखर खाणार, वायू सोडणार, आणि वर बूच असणार.

साडेसात. भंगाराच्या दुकानात मावशी बाटल्या निवडत बसलेल्या. मी एक देखणी चौकोनी उचलली.

"दादा, ती ठेवा. नुसती दिसायला बरी."

बरोबर आहे त्यांचं. दोन वर्षांपूर्वी असलीच एक सरबताची बाटली भर दुपारी कपाटात फुटली. काच लाकडी दारात रुतलेली अजून दिसते. घरात तेव्हा कोणी नव्हतं, एवढंच नशीब. चौकोनी बाटलीत दाबाचा ताण कोपऱ्यांवर एकवटतो, गोल बाटलीत तो सगळीकडे सारखा वाटला जातो. सॉसची किंवा साध्या वाइनची बाटली गोल असते खरी, पण ती दाबासाठी घडवलेलीच नसते. मला हवी बिअरची 650 मिलीची जाड बाटली, दातेरी पत्र्याचं बूच बसणारी. पिळून उघडायची नको, तिच्या आट्यांवर माझ्या यंत्राचं बूच घट्ट बसत नाही.

मावशी मडकं घ्यावं तशी बाटली वाजवून घेतात. खणखणीत वाजली तर ठेवायची, बद्द वाजली तर बाद. मग मी काठावरून नख फिरवतो. टवका हाताला लागतो, डोळ्याला चुकतो. शेवटी वास घ्यायचा. रॉकेल, फिनेल किंवा फवारणीच्या औषधाची नुसती शंका आली तरी ती बाटली नको, कितीही धुतली तरी. 40 मधून 22 निघाल्या.

10. धुण्याचा सोडा, कोमट पाणी, लांब ब्रश. गार बाटलीत उकळतं पाणी ओतलं की तडा गेलाच समजा.

12. भरणी. वर दोन बोटं जागा सोडायची. एक ग्रॅम साखर आंबली की जवळपास अर्धा ग्रॅम वायू होतो. पूर्ण आंबलेल्या पेयाला फेसासाठी लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर पुरते. माझ्या आल्यात गोडीसाठी त्याच्या दसपट साखर उरलेली असते, आणि ती सगळी आंबली तर चांगल्या बाटलीचाही भरवसा नाही. म्हणून एक प्लॅस्टिकची सोड्याची बाटली पहारेकरी. ती दाबून दगडासारखी लागली की सगळ्यांची रवानगी फ्रिजमध्ये.

(गोळी सोड्याची बाटली 1872 पासूनची. वायूच गोळीला वर रेटून तोंड बंद करतो. युक्ती झकास, पण आतून घासायची कशी?)

3. मागच्या खेपेच्या 12 थंड बाटल्या बर्फाच्या डब्यात घालून वेल्ह्याला. कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी. तोरण्याच्या पायथ्याला ताईची खानावळ आहे, गडावरून उतरलेली पोरं तिथे जेवतात.

"रिकाम्या धुऊन ठेवल्यात रे," ताई म्हणाली.

संध्याकाळी 7. अंगणातल्या दिव्याखाली परत आलेल्या 12 बाटल्यांवरून नख फिरवलं. तिघींच्या काठाला टवके. किल्लीने बूच उचकटताना उडालेले असावेत. त्या तीन भंगारात गेल्या.