नव्या कोळंबीसाठी वेगळे पाणी

दिवाणखान्यातील मत्स्यपेटीत अलीकडे माशांच्या जोडीला, कधी माशांऐवजीही, लाल रंगाची इवलीशी चेरी कोळंबी दिसू लागली आहे. हिचे मूळ पूर्व चीन आणि तैवानकडील गोड्या पाण्यात. लाल रंग मात्र माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आणलेला. दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा हा जीव दिवसभर शेवाळ खुडत फिरतो, वर्ष-दीड वर्ष जगतो आणि पाणी मानवले तर टाकीतच त्याची पिल्ले होतात. असे जीव पाळावेत की नाही, यावर घराघरांत मतभेद असतील. परंतु मुलांच्या हट्टाने का होईना, ते घरी आले असतील, तर एक पथ्य पाळलेच पाहिजे. नवी आणलेली कोळंबी त्याच दिवशी जुन्या टाकीत सोडू नये.

दुकानात अनेक ठिकाणांहून आलेले जीव एकत्र येतात आणि एकच जाळी टाकीटाकीतून फिरते. त्यामुळे वरून निरोगी दिसणारी कोळंबीही सोबत काही घेऊन येते. कधी तिच्या शिरावर पांढरे बारीक कृमी धाग्यांसारखे हलताना दिसतात. त्यांची अंडी कल्ल्यांपाशी दडलेली असतात. कधी अंगावर सूक्ष्म जीवांची धुरकट लव चढते. सर्वांत फसवी असते ती पोटाखालची हिरवट-पिवळसर वाढ. नवशिका पाळणारा तिला अंडी समजून हरखतो, आणि पाहता पाहता ती इतरांनाही लागते. अंडी गोल व सुटी दिसतात. ही वाढ कापसासारखी गुंतलेली असते. भिंगातून पाहिले की फरक ध्यानात येतो.

विलगीकरणाची कल्पना व्यापाऱ्यांना परकी नाही. किंबहुना ती व्यापारी नगरांतूनच आली. एड्रियाटिक समुद्राकाठच्या रागुसा नगरीने, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकने, १३७७ मध्ये प्लेगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्यांना महिनाभर नगराबाहेर थांबवण्याचा नियम केला. सारे जीवन व्यापारावर चाललेले. बंदर बंद ठेवणे परवडणारे नव्हते आणि रोग आत घेणेही. महिनाभराची ती मुदत कोळंबीलाही योग्य आहे. पहिल्या आठवड्यात जी दगावतात, ती बहुधा प्रवासाने आणि पाणी बदलल्याने. रोग त्यानंतर डोके वर काढतो. म्हणून आठ दिवस पाहून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. तीन ते चार आठवडे थांबावे.

त्यासाठी दहा-पंधरा लिटरची साधी टाकी पुरते. तिच्यात जुन्या टाकीतला मुरलेला स्पंज फिल्टर लावावा, म्हणजे घाण पचवणारे उपयुक्त जीवाणू पहिल्या दिवसापासून कामाला लागतात. लपायला थोडे शेवाळ द्यावे. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. कोळंबी एका भांड्यात घेऊन, हवेच्या पंपाच्या बारीक नळीला गाठ मारून, टाकीचे पाणी थेंबथेंब दीड-दोन तास त्यात पडू द्यावे. घाईने पाणी बदलले तर कात टाकताना कवच नीट सुटत नाही आणि जीव जातो. जाळी, नळी, भांडे सारे वेगळे हवे. जुन्या टाकीचे पाणी इकडे आले तर चालेल, इकडचे तिकडे कदापि नको. स्पंजही महिन्यानंतर परत तिकडे नेऊ नये. टाकलेली कात एरवी कोळंबी खाते, पण या दिवसांत ती काढून टाकावी. कृमींची अंडी तिच्यातच राहतात.

औषधाबाबत विशेष सावध राहावे. माशांच्या अनेक औषधांत तांबे असते. कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहणारे द्रव्य तांब्यावरच आधारलेले आहे, तरी पाण्यात विरघळलेले तांबे तिला अल्प मात्रेतही घातक ठरते. घरच्या तांब्याच्या हंड्यातले पाणीही तिच्या टाकीत घालू नये.

शिरावरच्या कृमींवर रूढ उपाय मिठाचा. पेलाभर टाकीच्या पाण्यात आयोडीनविरहित मिठाचा एक मोठा चमचा विरघळवून त्यात कोळंबी अर्धे ते एक मिनिट ठेवतात. यात कृमी मरतात, हे लपवण्याचे कारण नाही, आणि काही घरांना तेही रुचणार नाही. पण रोग मोठ्या टाकीत शिरल्यास सगळ्या पाण्यातच औषध घालावे लागते, आणि त्यात गोगलगायींसारखे निरपराध जीवही सापडू शकतात. वेगळ्या टाकीत ही हानी चार-सहा जिवांपुरती मर्यादित राहते. बऱ्याचदा कृमी नसल्याचे दिसून मिठाची वेळच येत नाही.

रोगट किंवा नकोशी झालेली कोळंबी दयाबुद्धीने तळ्यात वा नदीत सोडण्याचा मोह होतो. पाणी गाळल्यावर गाळणीवरचे जीव ज्या विहिरीचे, त्याच विहिरीत पोहोचवण्याचा जिवाणीचा रिवाज पाळणाऱ्या घरांना यातली चूक सांगावी लागू नये. हे पाणी तिचे नाही. जर्मनी, पोलंड आणि हंगेरीत सोडून दिलेली चेरी कोळंबी उबदार पाण्याच्या प्रवाहांत वस्ती करून राहिली आहे, आणि तिच्याबरोबर तिच्या अंगावरचे परजीवीही तेथे पोहोचले आहेत. अशा कोळंबीला वेगळ्या टाकीतच तिचे उरलेले आयुष्य काढू द्यावे. तेवढ्यासाठी ती लहान टाकी मोडीत न काढता जपून ठेवावी.