बिनतारी होडी : आधी हिशेब, मग मोटार

निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोकांसमोर बिनतारी होडी चालवून दाखवली. आज अभियांत्रिकी स्पर्धेसाठी तशी होडी करणं वाशीम जिल्ह्यातल्या कामरगावच्या विद्यार्थ्यांच्याही आवाक्यात आहे. मात्र मोटार विकत घेण्याआधी वही उघडायला हवी.

समजा, होडीचा तळ सपाट, ५० सेंमी लांब आणि २० सेंमी रुंद आहे. ती १ सेंमी बुडाली की १,००० घनसेंमी, म्हणजे एक किलो पाणी बाजूला सारते. सामानासकट वजन दीड किलो भरलं, तर ती दीड सेंमी बुडणार. काठ ८ सेंमी उंच असेल, तर साडेसहा सेंमी पाण्यावर राहतो. बॅटरी जड असते, म्हणून ती अगदी तळाशी, मधोमध बसवा. वर ठेवली तर वळताना होडी कलंडते.

सांगाडा थर्माकोलचा करून त्यावर फायबरग्लासचं कापड चढवता येतं. त्यासाठी इपॉक्सी रेझिनच घ्या. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल विरघळवून टाकतं.

सुकाणूऐवजी मागे दोन मोटारी लावल्या की काम सोपं होतं. डावी मंद आणि उजवी जोरात फिरवली, की होडी डावीकडे वळते. दोन्ही पंखे परस्परांच्या उलट दिशेने फिरणारे घ्या, म्हणजे होडी सरळ जाते. शाफ्ट बाहेर पडतो त्या भोकातून पाणी हमखास आत शिरतं. म्हणून शाफ्ट पितळी नळीतून न्यायचा आणि नळीत ग्रीस भरायचं.

सध्याचे बहुतेक रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. या लहरी पाण्यात शोषल्या जातात, त्यामुळे रिसीव्हरची अँटेना उभी आणि पाण्यापासून जमेल तितकी उंच ठेवा. होडी जमिनीवर असतानाच रिमोट बंद करून पाहा. मोटारी लगेच थांबल्या पाहिजेत. थांबत नसतील, तर रिसीव्हरचं फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर मोटारी थांबवणारी सोय, नीट लावा.

पहिली चाचणी घरच्या हौदात घ्या, तीही इलेक्ट्रॉनिक्स न बसवता, तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या ठेवून. अर्ध्या तासाने आतला भाग कोरडा असेल, तरच पुढचं काम करा. शेततळ्यावर जायचं तर मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि होडीला नायलॉनची दोरी बांधा. शेततळ्याचं प्लास्टिक अस्तर निसरडं असतं. होडी मध्येच बंद पडली तर दोरीने ओढा, पण तिच्यासाठी पाण्यात कोणीही उतरू नका.